वायद्याचा वेग आणि हजर माल

लॅपटॉपच्या प्रोसेसरांचा गेल्या दशकाचा इतिहास बहुधा लास व्हेगास वा तैपेई येथील व्यासपीठांवरून सांगितला जातो. परंतु चांदूर बाजारासारख्या तालुक्याच्या गावातून, जेथील विद्यार्थ्याला मनाजोगता लॅपटॉप पाहावयाचा तर अमरावती आणि प्रसंगी नागपूर गाठावे लागते, तोच इतिहास न्याहाळला तर त्याची कालगणनाच निराळी भासते. कापसाच्या व्यवहारात वायद्याचा भाव आणि हजर मालाचा भाव यांची गल्लत वऱ्हाडातील कोणताही व्यापारी करीत नाही. प्रोसेसरांच्या बाबतीत मात्र घोषणा आणि प्रत्यक्ष पुरवठा यांची तशीच गल्लत सर्रास होत आली.

इंटेलच्या १० नॅनोमीटर या चिप-निर्मितीच्या तंत्राचे उदाहरण घ्यावे. जुलै २०१५ मध्ये कंपनीने त्याची मुदत २०१७ च्या उत्तरार्धापर्यंत वाढविली. २०१८ मध्ये त्यातून एकच किरकोळ प्रोसेसर अत्यल्प प्रमाणात बाहेर पडला. आणि खऱ्या अर्थाने माल निघू लागला तो २०१९ च्या उत्तरार्धात. तोवर सारा भार १४ नॅनोमीटरच्या जुन्या कारखान्यांवर पडून सप्टेंबर २०१८ मध्ये तत्कालीन हंगामी प्रमुख बॉब स्वान यांना जाहीर पत्राद्वारे कबूल करावे लागले की, पुरवठा तंग असून त्याची झळ विशेषतः स्वस्त संगणकांना बसत आहे, कारण अग्रक्रम महाग प्रोसेसरांना दिलेला आहे. टंचाईचा बोजा असा सर्वांत कमी ऐपतीच्या ग्राहकावर टाकला गेला, ही गोष्ट मला आजही अन्याय्य वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये तर एकाच ‘दहाव्या पिढी’च्या नावाखाली दोन भिन्न वंशांचे प्रोसेसर आले. आय५-१०३५जी१ हा नव्या १० नॅनोमीटरचा. आय५-१०२१०यू हा जुन्याच १४ नॅनोमीटरचा. नव्या रचनेत प्रत्येक आवर्तनात सरासरी १८ टक्के अधिक काम होते, असे कंपनीने जाहीर केले होते व ते निराधार नव्हते. परंतु नव्याची कमाल गती ३.६ गिगाहर्ट्झ आणि जुन्याची ४.२, म्हणून साधा गुणाकार केला असता एका कोअरवर तो सारा लाभ जवळजवळ फिटून जातो.

एएमडीने जानेवारी २०२० मध्ये रायझन ४००० मालिका जाहीर करून १५ वॅटच्या वर्गात ८ कोअर आणले, ही निःसंशय थोर कामगिरी होती. पण तुलनेच्या तक्त्यांत झळकलेला या मालिकेतील ४८००यू त्या वर्षी मोजक्याच मॉडेलांत मिळाला. मार्चअखेर टाळेबंदी आली, घरोघरी ऑनलाइन वर्गांसाठी लॅपटॉपची निकड निर्माण झाली, आणि नेमक्या त्याच वर्षी, हे प्रोसेसर जेथे बनत त्या तैवानच्या टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर उत्पादनावर नव्या गेम-यंत्रांच्या चिपांनीही हक्क सांगितला.

अ‍ॅपलने १० नोव्हेंबर २०२० रोजी एम१ प्रोसेसर जाहीर करून आठवड्याभरात तो अमेरिकेत विक्रीस आणला, यावरून घोषणा व पुरवठा यांची सांगड घालता येते हे सिद्ध झाले. अर्थात तो असलेला सर्वांत स्वस्त लॅपटॉपही तेव्हा भारतात ९२,९०० रुपयांचा होता. उलट क्वालकॉमने ऑक्टोबर २०२३ मध्ये गाजविलेला स्नॅपड्रॅगन एक्स एलिट प्रोसेसर दुकानांत आला तो १८ जून २०२४ रोजी.

लॅपटॉप घेणाऱ्या पालकांना माझी विनंती एवढीच की, ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ एवढ्यावर न थांबता प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि तुलना करावी ती त्या दिवशी दुकानात हजर असलेल्या यंत्रांचीच.