जुना संगणक विकण्याआधी

बदलीचा आदेश आला आणि पंधरा दिवसांत आम्हाला मिरजेतलं बिऱ्हाड हलवायचं होतं. टेम्पोवाल्याने सामान पाहून सांगितलं, "सर, एका खेपेत मावणार नाही." मग संगणक, मॉनिटर आणि यूपीएस विकायचं ठरलं. मुलाने मोबाइलवर जाहिरात टाकली. किंमत ६,५०० रुपये.

पहिला फोन दहा मिनिटांत आला. वस्तू न पाहताच पूर्ण किंमत कबूल! "क्यूआर कोड पाठवतो. स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." आम्ही फोन ठेवला. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. घरातल्या सर्वांना हे सांगून ठेवा. कोणी फसलंच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

दुसरा फोन एका रिक्षाचालक भाईंचा. मुलीसाठी संगणक हवा होता, संध्याकाळी येतो म्हणाले. "अब्बा, सगळं डिलीट केलंय," मुलगा म्हणाला. तेवढ्यात आम्हाला शिष्यवृत्तीचे फॉर्म आठवले. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, अशा कितीतरी विद्यार्थ्यांचे फॉर्म आम्ही याच संगणकावर भरले होते. मुलांची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, आईबापांची बँक पासबुकं, सारं त्यात होतं. लोकांनी विश्वासाने दिलेली ही अमानत होती.

डिलीट केल्याने हार्ड डिस्कवरची फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची फक्त नोंद जाते. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या भाच्याने एका मोफत सॉफ्टवेअरने अर्ध्या तासात ढीगभर कागद परत काढून दाखवले. अम्मींच्या पेन्शनचा अर्जही त्यात निघाला. आम्हाला घाम फुटला.

रिक्षावाल्या भाईंकडून एक दिवस मागून घेतला. मरहूम अब्बांचे हजचे फोटो आणि कामाच्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, उघडून तपासल्या. मग विंडोजच्या सेटिंगमधून 'रिसेट' केलं. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडावं, 'क्लीन डेटा' चालू करावं आणि एकच नव्हे, तर सर्व ड्राइव्ह घ्यावेत. याला अनेक तास लागतात. आमचा संगणक फजरपर्यंत घरघरत होता.

दुसऱ्या दिवशी भाई मुलीला घेऊन आले. ओलं धान्य ढिगाच्या खाली लपवू नये, ही शिकवण आम्ही मुलांना नेहमी सांगतो. आता आमची पाळी होती. यूपीएस पाच मिनिटंही टिकत नाही, हे सांगितलं. संगणकात विंडोज १० आहे, त्याचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि या मशीनवर ११ चालत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार यावर करू नका, हेही सांगितलं.

"टायपिंगचा सराव होईल ना, सर?" मुलीने विचारलं.

"आरामात होईल, बेटा."

सौदा ५,००० वर ठरला. मुलाचा चेहरा पडला. "न सांगता साडेसहा मिळाले असते," तो पुटपुटला. भाई मॉनिटर चादरीत गुंडाळत होते. आम्ही मुलाला म्हटलं, "जा, यूपीएस जड आहे, रिक्षापर्यंत नेऊन दे." तो गेला आणि परत येऊन म्हणाला, "अब्बा, केबल जोडायची कशी, ते मी तिला कागदावर काढून दिलं."