रिंग घासण्याआधी

जुनी सायकल दुकानात आली की रिंगचा निकाल पहिल्यांदा लागतो. घासून टाकू, क्रोम करू, नवी दिसेल! माझी कळकळीची विनंती आहे, तेवढी घाई करू नका. सायकलचा जन्मदाखला पुष्कळदा रिंगवरच असतो आणि बफ मारला की तो कायमचा जातो.

आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांची शाळा, बाजार, दुधाचा रतीब हे सगळं सायकलवरच चाललं. त्यातली एखादी रॉड ब्रेकवाली अठ्ठावीस इंची सायकल गोठ्यात सापडली, तर आधी ओल्या फडक्याने चाक पुसा.

या सायकलींची रिंग वेस्टवूड घडणीची. रॉड ब्रेकचं रबर रिंगच्या बाजूला नव्हे, हबकडच्या अंगाला घासतं. म्हणून मधल्या पट्टीवर, जिथे तारा शिरतात तिथे, काळा रंग आणि त्यावर सोनेरी, लाल किंवा हिरवी रेघ. दोन्ही बाजूंची ब्रेकची वाट मात्र चकचकीत. पूर्ण काळी रिंग दिसली तर ती कुणीतरी नंतर रंगवली असेलच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात निकेल-क्रोमची टंचाई पडली, तेव्हा इंग्लंडच्या कारखान्यांनी सायकली काळ्या रंगातच बाहेर काढल्या. हबमध्ये ब्रेक असलेल्या चाकालाही पूर्ण रंग चालतो.

मग अस्सल रंग ओळखायचा कसा? तारांचे निप्पल बघा. कारखान्यात बहुधा सुटी रिंग रंगवून मग तारा भरत, त्यामुळे निप्पल स्वच्छ राहतात. निप्पलवर, तारांच्या टोकांवर रंगाचे ओघळ असतील तर भरलेल्या चाकावर कुणीतरी ब्रश फिरवला आहे. सायकल कुठली हे कळायला रिंगपट्टी काढून व्हॉलच्या भोकाजवळचा शिक्का शोधा. तारांची संख्या फारशी मदत करत नाही: पुढे ३२, मागे ४० हा इंग्रजी हिशेब आपल्याकडच्या सायकलींनीही चालवला.

आता दुरुस्ती. टायर काढल्यावर आतून गंज दिसेल, कारण पंक्चरचं पाणी तिथेच साचतं. तो आतल्या बाजूने काढा. बाहेरच्या रंगाला तारेचा ब्रश आणि पेंट रिमूव्हर लावूच नका. सौम्य साबण, कोरडं फडकं, मग हलकं तेल. कोणतंही द्रावण आधी रिंगपट्टीखाली, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासावंच लागलं तर पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून. रंग उडाला असेल तेवढ्याच ठिपक्यावर प्रायमर आणि काळा इनॅमल भरा. चट्टे राहिले तर राहू द्यावेत. मला ते नव्या रंगापेक्षा मोलाचे वाटतात.

रेघ अगदीच गेली असेल तर स्टिकर नको. ट्रकवर रेघा ओढणारा पेंटर गाठा. चाक स्टँडवर हळू फिरवायचं आणि लांब केसांचा ब्रश एका जागी स्थिर धरायचा. रेघ चाकच ओढून घेतं. त्याआधी चाकाचा आऊट काढलेला हवा, नाहीतर रेघ लहरत जाईल.

ब्रेकच्या वाटेवर रंगाचा थेंबही नको. तिथला रंग रबराला चिकटतो आणि ब्रेक घसरतो. दगडासारखं झालेलं जुनं रबरही बदला, कारण त्यात रुतलेली वाळू रिंगवर चरे पाडते.