‘लष्कर बोलवा’ म्हणणारे किती, आणि का?

कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसला लागून असलेलं छोटं शहर. १९९२च्या दंगलीत तिथे पोलिसांच्या जोडीला मरीन सैनिक दिले होते. एका घरातल्या भांडणाची तक्रार आली म्हणून पोलीस आणि सैनिक दारापर्यंत पोचले. आतून छर्‍यांच्या बंदुकीचा बार आला. एक पोलीस ओरडला, ‘कव्हर मी!’ पोलिसांच्या लेखी याचा अर्थ, बंदुका रोखून ठेवा, गरज पडली तरच चालवा. मरीनच्या लेखी याचा अर्थ, मी हलेपर्यंत गोळ्यांचा मारा करा. सैनिकांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. काही क्षणांत दोनशेहून अधिक गोळ्या त्या घरात घुसल्या. आत लहान मुलं होती. कुणाला इजा झाली नाही, हे त्या मुलांचं नशीब.

शहरातली गुन्हेगारी मोडायची तर लष्करच हवं, असं कुणी म्हटलं की मला हे घर आठवतं. २०२५मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, मेम्फिस अशा शहरांत सैनिक उतरवले, तेव्हापासून ‘अमेरिकी जनतेचा कौल’ म्हणून बरेच आकडे फिरले. त्यांच्याबरोबर काही गैरसमजही पसरले.

गैरसमज : बहुसंख्य अमेरिकनांना शहरांत लष्कर हवं आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये असोसिएटेड प्रेस आणि नॉर्क या संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीत ८१ टक्के लोकांनी मोठ्या शहरांतली गुन्हेगारी ही गंभीर समस्या असल्याचं सांगितलं. लष्कर आणि नॅशनल गार्डने स्थानिक पोलिसांना मदत करणं ५५ टक्क्यांना मान्य होतं. बातम्यांत हाच आकडा जास्त गाजला. त्याच पाहणीत पुढचा प्रश्न होता, केंद्र सरकारने शहराचं पोलीस खातंच ताब्यात घेतलं तर? त्याला होकार देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. त्याच महिन्यात क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाने थेट विचारलं की वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्ड पाठवणं पटतं का. ५६ टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले, ४१ टक्के ‘हो’.

लोक महिनाभरात बदलले नव्हते, प्रश्न बदलला होता. ‘मदत’ म्हटलं की डोळ्यांसमोर पोलिसाशेजारी उभा असलेला शिस्तबद्ध जवान येतो. ‘ताबा’ म्हटलं की आपल्या शहराच्या किल्ल्या दुसर्‍याच्या हाती गेल्याचं जाणवतं. एकाच माणसाच्या मनात या दोन्ही भावना खर्‍या असू शकतात.

यापेक्षाही मोलाचा प्रश्न म्हणजे, विचारलं कुणाला? वॉशिंग्टन पोस्ट हे दैनिक आणि शार स्कूल ही विद्यापीठीय संस्था यांनी खुद्द वॉशिंग्टनच्या रहिवाशांना विचारलं, तेव्हा दहापैकी जवळपास आठ जणांनी अध्यक्षांच्या पावलाला विरोध केला. शहर यामुळे अधिक सुरक्षित होईल असं ६५ टक्क्यांना वाटत नव्हतं. रात्री तिथल्याच मेट्रो स्टेशनवर उतरून घरी चालत जाणारी ही माणसं आहेत. गुन्हेगारीची झळ त्यांना बसते आणि नाक्यावर उभ्या राहिलेल्या बंदुकीचा ताणही त्यांनाच सोसावा लागतो. माझ्या दृष्टीने त्यांच्या मताचं वजन हजार मैलांवरून टीव्ही पाहणार्‍याच्या मतापेक्षा जास्त आहे.

गैरसमज : लोक घाबरलेत, म्हणजे गुन्हे वाढले असणारच.

गॅलप ही संस्था अनेक वर्षं अमेरिकनांना विचारत आली आहे की देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले का. १९९३ ते २०२३ या काळातल्या २७ पाहण्यांपैकी २३ वेळा किमान ६० टक्के लोक ‘वाढले’ म्हणाले. याच काळात हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण एफबीआयच्या नोंदींनुसार जवळपास निम्म्यावर आलं. वॉशिंग्टनमध्ये २०२३ साली २७४ खून झाले आणि २०२४ साली १८७. म्हणजे सैनिक यायच्या आधीच उतार लागला होता. पण १८७ खून हा आकडाही भयंकरच आहे. ज्या घरातला मुलगा गेला, त्या आईला आलेख दाखवून काय सांगणार? भीतीला खोटं ठरवू नये. फक्त त्या भीतीवरून गुन्ह्यांची मोजदाद करू नये.

गैरसमज : नॅशनल गार्ड म्हणजे आपल्या राज्य राखीव पोलिसांसारखं दल.

तसं नाही. त्याची तुलना आपल्या प्रादेशिक सेनेशी जास्त जुळते. एरवी नोकरीधंदा करणारे आणि ठरावीक दिवस प्रशिक्षण घेणारे हे सैनिक. राज्यांत ते सहसा गव्हर्नरच्या हाताखाली असतात, वॉशिंग्टनचं गार्ड मात्र थेट अध्यक्षांच्या. केंद्राच्या अखत्यारीत गेलेल्या सैनिकांकडून पोलिसी काम करून घ्यायला १८७८चा पॉसी कॉमिटॅटस कायदा आडवा येतो. १८०७च्या बंड-प्रतिबंधक कायद्याची पळवाट आहे, पण ती शेवटची वापरली गेली १९९२मध्ये, आणि तीही गव्हर्नरच्या विनंतीवरून, दंगलीसाठी. रोजची चोरी-मारामारी रोखण्यासाठी नव्हे. लॉस एंजेलिसला २०२५मध्ये पाठवलेले सुमारे ४,००० गार्ड आणि ७०० मरीनही आधी निदर्शनांच्या नावाने गेले होते, गव्हर्नर गॅविन न्यूसम यांचा विरोध असताना. केंद्रीय न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी सप्टेंबरमध्ये निकाल दिला की या सैनिकांच्या वापराने १८७८चा कायदा मोडला गेला. सरकार अपिलात गेलं. डिसेंबरमध्ये वेगळ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिकागोत गार्ड तैनात करायला सरकारला परवानगी नाकारली.

गैरसमज : सैनिक आले आणि गुन्हे घटले, म्हणजे उपाय लागू पडला.

वॉशिंग्टनमध्ये पहिल्या २० दिवसांत गाड्या हिसकावण्याचे गुन्हे आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या तुलनेत ८७ टक्क्यांनी कमी झाले. हे महापौर म्युरिअल बाउझर यांनी स्वतः सांगितलं, आणि त्याचं श्रेय केंद्रीय तपास यंत्रणांच्या वाढीव अधिकार्‍यांना दिलं. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या गार्डचा वापर मात्र त्यांना सत्कारणी लागलेला वाटला नाही. गार्डचे जवान अटक करत नव्हते. ते स्टेशनांवर उभे राहत, स्मारकांपाशी गस्त घालत आणि पुढे तर कचरा उचलू लागले, झाडांच्या बुंध्यांशी भुसा पसरू लागले. त्यात त्या जवानांचा काही दोष नाही. त्यांना दुसरं काम देण्यासारखं नव्हतं.

कोलंबियातल्या काली शहरात २०१९मध्ये हा उपाय शास्त्रशुद्धपणे तपासला गेला. कुठल्या भागात सैनिकांनी गस्त घालायची हे सोडत काढावी तसं ठरवलं आणि बाकीच्या भागांशी तुलना केली. गुन्हे कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. गस्त संपल्यावर काही ठिकाणी परिस्थिती बिघडल्याच्या खुणा दिसल्या. तरीही रहिवाशांचा गस्तीला पाठिंबा भरघोस होता. लोक मूर्ख आहेत असा याचा अर्थ मी लावणार नाही. पोलिसांवरचा विश्वास उडाला की गणवेशातला दुसरा कुणीही आधार वाटतो.

अमेरिकेत होणार्‍या खुनांपैकी अनेकांचा छडा अलीकडच्या वर्षांत लागलेलाच नाही. तो लावायला साक्षीदाराचं दार ठोठावणारा, गल्लीतली माणसं नावानिशी ओळखणारा आणि वर्षभर एकाच प्रकरणामागे राहणारा तपास अधिकारी लागतो. काही आठवड्यांसाठी बाहेरून आलेल्या सैनिकाला ना ते शिकवलेलं असतं, ना तेवढा वेळ त्याच्याकडे असतो.