अडीच फेऱ्यांचा हिशेब

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची सही झाली आणि सगळी चर्चा क्रिकेटच्या फँटसी संघांभोवतीच फिरत राहिली. भारतीय संघाच्या जर्सीवरून एक नाव उतरलं, रमीच्या जाहिराती करणारे नट एकाएकी मुके झाले. या गदारोळात लाइव्ह रूलेटकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याचे मोठे स्टुडिओ आहेत लात्वियातल्या रीगात, जॉर्जियातल्या त्बिलिसीत, रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये. कायदा दिल्लीत झाला, चाक तिकडे फिरतंच आहे.

हा खेळ महाराष्ट्राला अगदीच परका नाही. नाशिककडच्या छाप्यांच्या बातम्यांतून ‘बिंगो-रोलेट’ हा शब्द गावागावांत पोहोचला. त्या अड्ड्यांवर चाक संगणकाच्या पडद्यावरचं आणि आकडा सॉफ्टवेअरचा. मालकाने मनात आणलं तर काय होईल, हे खेळणाऱ्यालाही ठाऊक असतं. लाइव्ह रूलेटची जाहिरात नेमकी याच संशयावर उभी आहे: खरं चाक, खरा बॉल, कॅमेऱ्यासमोर खरी माणसं.

पण नेहमी खेळणाऱ्यांची सगळ्यात कडवट तक्रार याच खऱ्या माणसांबद्दल आहे. एक डीलर बॉल जेमतेम अडीच फेऱ्या फिरला तरी आकडा पुकारून मोकळा होतो. तासाभराने आलेली दुसरी डीलर तशाच बॉलवर हात ठेवते, ‘नो स्पिन’ म्हणते आणि पुन्हा फेकते. तिसऱ्याच्या हातून बॉल उडून जमिनीवर पडतो आणि पुढे काय करायचं, म्हणून तो कॅमेऱ्याबाहेर कुणाकडे तरी बघत राहतो. टेबल तेच, नियमांचं पान तेच, निवाडे मात्र तीन.

नियम मुळात मोघम नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या नियमावलीत तो सरळ लिहिलेला आहे: चाक ज्या दिशेने फिरतंय त्याच्या उलट दिशेने बॉल सोडायचा आणि त्याने कडेच्या मार्गावर किमान चार फेऱ्या पूर्ण केल्या तरच तो डाव ग्राह्य. इतर अनेक कॅसिनोंत हा आकडा तीन आहे. अडीचला यात जागा नाही. तरीही अडीचचे डाव पडतात, कारण फेऱ्या मोजायच्या त्याच माणसाला ज्याने बॉल फेकला. क्रिकेटमध्ये गोलंदाजालाच नो-बॉलचा पंच केलं तर जे होईल, ते इथे रोज होतं.

फेऱ्यांचा एवढा बाऊ कशासाठी, याचं उत्तम उत्तर एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाच्या उद्योगात सापडतं. १९६०-६१मध्ये एमआयटीत असताना त्याने माहिती-सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन याच्याशी संधान बांधलं. दोघांनी कॅसिनोत वापरतात तसंच चाक विकत आणून शॅननच्या घराच्या तळघरात मांडलं. बॉल सुटल्यावर, पैजा बंद होण्याआधीच, त्याचा आणि चाकाचा वेग मोजला तर तो चाकाच्या कोणत्या भागात पडेल याचा अंदाज बांधता येईल, ही त्यांची कल्पना. त्यासाठी सिगारेटच्या पाकिटाएवढा, बारा ट्रान्झिस्टरचा संगणक त्यांनी तयार केला. बुटात लपवलेली बटणं अंगठ्याने दाबून वेळा टिपायच्या आणि उत्तर कानातल्या इवल्याशा स्पीकरवर सुरांतून ऐकायचं. अंगावर बाळगण्याचा जगातला पहिला संगणक म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. १९६१च्या उन्हाळ्यात ही मंडळी लास व्हेगासला गेली. कानापर्यंत जाणाऱ्या बारीक तारा सारख्या तुटत राहिल्या, त्यामुळे मोठा डल्ला काही मारता आला नाही. पण थॉर्पच्या हिशेबाने खेळणाऱ्याचा फायदा ४४ टक्के होता. नेवाडा राज्याने अशा यंत्रांवर बंदी घातली ती थेट १९८५मध्ये.

मायकेल स्मॉल आणि ची काँग त्से या दोन संशोधकांनी २०१२मध्ये हेच पुन्हा तपासलं. अगदी साध्या मोजमापावरही त्यांच्या प्रयोगात खेळणाऱ्याची बाजू १८ टक्क्यांनी वर गेली. एका शून्याच्या चाकावर एरवी कॅसिनोची बाजू २.७० टक्क्यांनी वर असते.

म्हणजे बॉल जितका कमी फिरतो तितका तो ओळखीचा होत जातो. तीन किंवा चार फेऱ्यांची अट ही टेबलावरची शिस्त नव्हे, आकड्याच्या बेभरवशीपणाची ती किमान हमी आहे. पैजा कधी बंद होतात हा मुद्दाही इथूनच निघतो. ऑनलाइन टेबलावर पैजांचं घड्याळ सॉफ्टवेअर थांबवतं आणि बॉल माणूस सोडतो. मधलं अंतर एक डीलर चार सेकंदांचं ठेवतो, दुसरा दोन, आणि घरी बसलेल्याला वाटतं की आपल्याला घाई केली गेली.

आता खेळणाऱ्यांचा राग जरा हिशेबाच्या पाटीवर मांडून बघू. रद्द झालेल्या डावाने खरंच नुकसान होतं का? बॉल कप्प्यात पडण्याआधीच डाव रद्द झाला तर अजिबात नाही. शंभर रुपयांच्या पैजेवर खेळणारा सरासरी दोन रुपये सत्तर पैसे गमावतो. डावच झाला नाही तर तेवढे वाचतात. ‘माझा आकडा येणारच होता’ असं सांगणाऱ्याला वाचलेले हरण्याचे डाव आठवत नाहीत. १८ ऑगस्ट १९१३ला माँटे कार्लोत सलग २६ वेळा काळा रंग आला, तेव्हा आता तरी लाल येईल म्हणून लोक पैसे लावत आणि हरत गेले. योगायोगाकडे असं चुकीच्या नजरेने बघणं तेव्हापासून तसंच आहे.

पण बॉल पडल्यावर, आकडा दिसल्यावर कुणी डाव रद्द करत असेल, तर गोष्ट पालटते. समजा एकाच आकड्यावर पैज लावणाऱ्याच्या दर वीस विजयांतला एक अशा निवाड्यात पुसला गेला आणि त्याला फक्त मूळ पैज परत मिळाली. कॅसिनोचा वाटा २.७० वरून ७.४३ टक्क्यांवर जातो, जवळजवळ पावणेतीन पट. एका टेबलावर शेकडो जण वेगवेगळ्या आकड्यांवर असतात, एकाचा तोटा तो दुसऱ्याचा फायदा, हे खरं. पण विश्वासाचा बाजार मांडणाऱ्याने हा बचाव करू नये. कळीचा प्रश्न डीलर कडक की सैल हा नाहीच. निर्णय आकडा दिसण्याआधी झाला की नंतर, हा आहे. व्हिडिओवर प्रत्येक डावाची ती वेळ नोंदलेली असते आणि खेळणाऱ्याला ती सहसा दाखवली जात नाही.

कॅमेरा काय करू शकतो हे २०१७मध्ये दिसलं होतं. एका ऑनलाइन ब्लॅकजॅक टेबलावर डीलर पत्त्यांतलं वरचं पान सोडून त्याच्या खालचं पान देताना चित्रफितीत सापडली. गवगवा झाल्यावर त्या संकेतस्थळाने स्टुडिओ पुरवणाऱ्या कंपनीशी संबंध तोडले. पकडलं एका खेळाडूच्या डोळ्यांनी.

तरी रूलेटमधला बहुतेक घोळ लबाडीचा नसून थकव्याचा असावा. जुलै २०२४मध्ये त्बिलिसीत या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या, इव्होल्यूशन या कंपनीचे कर्मचारी संपावर गेले, काही जण उपोषणालाही बसले. मागण्या होत्या पगाराच्या आणि कामाच्या परिस्थितीच्या. दिवसरात्र पाळ्यांत चालणारं हे काम: कॅमेऱ्यासमोर हसायचं, चॅटमधल्या शिव्या गिळायच्या, मिनिटागणिक बॉल फेकायचा. डाव जितके जास्त तितकी कमाई जास्त, आणि ‘नो स्पिन’ म्हणजे वाया गेलेला वेळ. अशा ठिकाणी पहाटे चार वाजता अडीच फेऱ्यांच्या तीन झाल्या तर नवल काय? ब्रिटनच्या जुगार आयोगाच्या तांत्रिक मानकांत लाइव्ह स्टुडिओंसाठी स्वतंत्र कलम आहे. पण फेऱ्या मोजण्याचं काम, जे चाकातल्या सेन्सरला सहज जमावं, ते अजून पुष्कळ ठिकाणी दमलेल्या डोळ्यांवरच सोडलेलं दिसतं.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर डीलर चुकला तर निदान समोर माणूस असतो. हात वर करायचा, टेबलांवर देखरेख करणाऱ्या पिट बॉसला बोलवायचं, डाव थांबतो, वाद होतो, वरचा कॅमेरा बघितला जातो. २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी लागला तरी ही सोय कायम आहे. महाराष्ट्राने मात्र १९७६ला कॅसिनोचा कायदा करून तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द करायचं ठरवलं. इथला खेळणारा मग फोनवर रीगाचं टेबल उघडतो. तिथे बॉल अडीच फेऱ्यांत पडला तर तो चॅटमध्ये लिहितो, ‘नो स्पिन?’ डीलर वाचते, हसते, पुढच्या डावाच्या पैजा सुरू झाल्याचं सांगते. थोड्या वेळाने तिची पाळी संपते. नवा मुलगा येतो, सगळ्यांना नमस्कार करतो आणि बॉल उचलतो.