पंचवीस हजार शब्दांची भिंत आणि आपली फील्ड डायरी

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "सर्व्हे म्हणजे नुसतं फिरायचं आणि फोटो काढायचे ना? खरं संशोधन तर नंतर लॅबमध्ये होतं." मी हसले, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. हा समज किती महागात पडला ते शेवटी सांगते. आधी माझ्या विषयाशी काहीही संबंध नसलेल्या एका सर्व्हेची गोष्ट ऐका. सर्व्हे म्हणजे काय हे मला खरं तर तिच्यामुळे कळलं.

गाव आणि माणूस

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात, डोंगरावर साधारण 1400 मीटर उंचीवर ओइनोआंडा नावाच्या प्राचीन ग्रीक शहराचे अवशेष आहेत. हा लिशिया प्रांत. रोमन काळात इथे डायोजेनिस नावाचा एक सधन माणूस राहत होता. (पिंपात राहणारा प्रसिद्ध डायोजेनिस वेगळा, तो याच्या कित्येक शतकं आधीचा.) हा आपला डायोजेनिस एपिक्युरसच्या तत्त्वज्ञानाचा अनुयायी. म्हातारपणी त्याने ठरवलं की हे तत्त्वज्ञान गावातल्या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. मग त्याने एका स्टोआची, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीची, भिंतच कोरून घेतली.

कारणही त्याने भिंतीवरच लिहिलंय. त्याच्या मते चुकीच्या समजुती साथीच्या रोगासारख्या पसरतात, मेंढ्यांसारखा एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. रोगी इतके असतील तर एकेकाला औषध देऊन भागणार नाही, म्हणून औषध चव्हाट्यावर ठेवायचं. पुढे जन्मणाऱ्यांसाठी आणि परक्या म्हणवल्या जाणाऱ्यांसाठीसुद्धा, कारण सगळी पृथ्वी हे एकच घर आहे असं तो म्हणतो.

भिंतीवर काय नव्हतं? अणू आणि निसर्गाबद्दलचा ग्रंथ, सुख आणि भीतीबद्दलचा ग्रंथ, म्हातारपणाच्या बाजूने एक लेख, मित्रांना पत्रं, एपिक्युरसची वचनं. अभ्यासकांच्या अंदाजाने मूळ मजकूर सुमारे 25,000 शब्दांचा, आणि भिंत सुमारे 80 मीटर लांब. या माणसाचा उल्लेख दुसऱ्या कुठल्याही प्राचीन ग्रंथात नाही. भिंत सापडली नसती तर तो होता हेही आपल्याला कळलं नसतं.

पण भिंत उभी नाही

खरी अडचण इथे आहे. स्टोआ मोडला आणि पुढच्या लोकांनी त्याचे दगड तटबंदीत, घरांत, मिळेल तिथे वापरले. जिगसॉ पझलचे तुकडे अख्ख्या डोंगरावर उधळलेत आणि डब्यावरचं चित्रच हरवलंय असं समजा.

1884 मध्ये फ्रेंच अभ्यासकांना पहिले तुकडे मिळाले. 1895 मध्ये हेबरडाय आणि कालिंका या ऑस्ट्रियन जोडीने आकडा 88 वर नेला. त्यानंतर सत्तर-एक वर्षं जवळपास काहीच नाही. जे मिळायचं ते मिळालं, असा समज झाला असणार. 1968 पासून मार्टिन फर्ग्युसन स्मिथ हे ब्रिटिश अभ्यासक तिथे जाऊ लागले आणि नवे तुकडे निघतच राहिले. 1974 पासून ॲलन हॉल यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण शहराचा सर्व्हे झाला. 2007 पासून जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या पथकाने मार्टिन बाखमान यांच्या नेतृत्वाखाली थ्री-डी स्कॅनिंगसह काम केलं. शिलालेखाचं वाचन स्मिथ आणि युर्गन हामरश्टेट यांच्याकडे होतं. आज आकडा 300 च्या आसपास आहे, तरी मूळ मजकुराचा एक तृतीयांशही हाती नाही.

यातले बहुतेक तुकडे उत्खननातून नव्हे, तर जमिनीवर पाहून मिळालेले आहेत. आधीचे लोक ज्या उतारावरून चालून गेले, त्याच उतारावर.

विखुरलेले दगड जुळवायचे कसे?

मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. समजा, तुम्हाला एक दगड मिळाला आणि त्यावर अर्धं वाक्य आहे. ते कुठल्या ग्रंथातलं हे कसं ओळखाल? नुसत्या अर्थावरून ठरवायला गेलात तर फसाल, कारण मृत्यूची भीती हा विषय तीन ठिकाणी येऊ शकतो. म्हणून आधी दगड मोजायचा.

भिंत दगडांच्या थरांनी बनलेली होती आणि थरागणिक मांडणी वेगळी होती. दगडाची उंची, अक्षरांचा आकार, एका स्तंभातल्या ओळी, वरखालचा समास हे सगळं बघायचं. नीतिविषयक ग्रंथाच्या खाली एपिक्युरसच्या वचनांची एक सलग ओळ धावते, त्यामुळे ती दिसली की थर कळतो. म्हातारपणाचा लेख सर्वांत वर होता आणि त्याची अक्षरं मोठी आहेत. कारण साधं आहे, खालून वाचता यायला हवं. म्हणजे ग्रीकचा एक शब्दही न वाचता, निव्वळ मोजपट्टीने, दगडाची जागा बरीचशी ठरते. अर्थ त्यानंतर. मग कडेला तुटलेला शब्द शेजारच्या दगडावर पुरा होतो का, ते तपासायचं.

नोंदीची पद्धतही बघा. दगडाला एक क्रमांक असतो (वायएफ), आणि त्यावरच्या नव्या मजकुराला दुसरा (एनएफ). वस्तू वेगळी, तिचं वाचन वेगळं. उद्या वाचन चुकीचं ठरलं, तरी दगडाची नोंद हलत नाही. तुमच्या डेटाशीटमध्ये "काय दिसलं" आणि "मला काय वाटलं" हे दोन वेगळे कॉलम आहेत का? नसतील तर आजच करा.

काळ ठरवतानाही तेच. शिलालेखावर तारीख नाही. पण त्याच गावात, इ.स. 124 च्या सुमारास सुरू झालेल्या एका उत्सवाचा मोठा शिलालेख आहे. दोन्हीकडच्या अक्षरांच्या वळणातलं साम्य स्मिथ यांनी दाखवलं, म्हणून बहुतेक अभ्यासक दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध मानतात. काहींनी बराच आधीचा काळही सुचवलाय. अक्षरवळण हा पुरावा आहे, पण तो तारीख नव्हे. थीसिसमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या वाक्यांत लिहायच्या असतात.

एका तुकड्याने काय फरक पडतो?

एपिक्युरसच्या मते अणू कधीकधी आपल्या मार्गावरून किंचित ढळतात, आणि म्हणून सगळं आधीच ठरलेलं नाही. ही कल्पना प्रसिद्ध आहे, पण त्याच्या स्वतःच्या उरलेल्या लेखनात ती सापडत नाही. आपल्याला ती मुख्यतः ल्युक्रेशियससारख्या लॅटिन लेखकांकडून कळते. ग्रीकमध्ये ती स्पष्टपणे सांगणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक म्हणजे डायोजेनिसचा एक दगड. तो कुणी चुलीला लावला असता तर?

आणखी एका तुकड्यात तो अशा भविष्याबद्दल लिहितो, जिथे न्याय आणि प्रेम इतकं असेल की तटबंदीची गरजच उरणार नाही. त्याच्याच भिंतीचे दगड पुढे तटबंदीत गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ पुढे वाचवेना.

आता माझी चूक

मी दख्खनच्या बेसॉल्टवर काम करते, खडकात गोठलेल्या जुन्या चुंबकीय दिशेवर. ड्रिलने छोटा दंडगोल कापतो, पण तो खडकातून सोडवण्याआधी त्याची दिशा मोजून वर बाण काढावा लागतो. बाण नसेल तर तो नमुना म्हणजे नुसता दगड.

पहिल्या फील्डला पाऊस होता. अकरा नमुन्यांवरचे बाण पुसले गेले, आणि जागेवर डायरीत आकडे लिहायचा मी कंटाळा केला होता. रात्री मुक्कामावर आठवून लिहिले. नंतर त्यातले आठ निकाल माझ्या अपेक्षेशी छान जुळले. मी खूश. गाइडनी एवढंच विचारलं, "ही नोंद आहे की आठवण?" अकराच्या अकरा नमुने काढून टाकावे लागले. जुळलेले आठसुद्धा, किंबहुना ते आधी, कारण मला काय हवंय हे आठवताना मला माहीत होतं.

तेव्हा फील्डला जाण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. माझी नोंद माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला वाचून कळेल का? मोजलेलं आणि मानलेलं वेगळं ठेवलंय का? आणि आज निरुपयोगी वाटणारा दगड पुन्हा शोधता येईल अशी त्याची जागा लिहिलीय का?

ओइनोआंडाला एका पिढीने नोंदवलेले दगड पुढच्या पिढीने पुन्हा शोधून तपासले, ते या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरामुळे. तुमची डायरीही कुणीतरी उघडेल. निदान पावसात न पुसणारं पेन तरी घ्या.