पोथी आणि चिता (लेखांक ६)

काशीत दशाश्वमेधाजवळचा अहिल्याबाई घाट होळकरांच्या अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात बांधला. औरंगजेबाने १६६९ मध्ये पाडलेले विश्वनाथाचे देऊळही १७८० च्या सुमारास त्यांनीच पुन्हा उभारले. त्यामुळे इथे धर्म आणि हिंसा हा विषय निघाला की बोलणे औरंगजेबावर जाते. दुसऱ्याच्या ग्रंथाला जाब विचारणे सोपे. आज आपल्या पोथीला विचारू, आणि तोही अहिल्याबाईंच्याच घरातून.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती निघाल्या. सासरे मल्हाररावांनी विनवण्या करून त्यांना थांबवले. १७९१ मध्ये महेश्वरला जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती निघाली. आता विनवणाऱ्या अहिल्याबाई होत्या, दौलतीच्या धनीण. लेकीने ऐकले नाही.

शास्त्र दोन्ही वेळी तेच होते. मनुस्मृतीत सतीची आज्ञा नाही. तिचा भाष्यकार मेधातिथी तर या प्रथेच्या विरोधात आहे. पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तीन श्लोक लागोपाठ येतात. पहिला पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा देतो, दुसरा ब्रह्मचर्याने राहणाऱ्या विधवेला स्वर्ग देतो, तिसरा सहगमन करणारीला साडेतीन कोटी वर्षांचा स्वर्ग कबूल करतो. पहिल्याच्या आधारावर ईश्वरचंद्र विद्यासागर विधवाविवाहासाठी लढले आणि १८५६ चा कायदा झाला. तिसऱ्याचा आधार चितांना मिळाला.

मग दोष श्लोक निवडणाऱ्याचा? बराचसा. निवडीमागे व्यवहार असतो. बंगालमध्ये सती जास्त का, याचे एक कारण धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांनी दायभागात, म्हणजे तिथल्या वारसाहक्काच्या पद्धतीत, दाखवले: तिथे एकत्र कुटुंबातही निपुत्रिक विधवेला नवऱ्याचा वाटा मिळे. वाटेकरी कमी झालेला भाऊबंदांना नको कशाला असेल?

पण म्हणून पोथी सुटत नाही. मुक्ताबाईचे म्हणणे जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुढे नोंदवून ठेवले आहे. मुलगा गेला, नवरा गेला, आईही आता थकली; तिच्यामागे जगणे असह्य होईल आणि मानाने मरण्याची वेळ टळून गेलेली असेल, असा तिचा हिशेब. त्यात स्वर्ग नाही, श्लोक नाही, मान आहे. श्लोक एकदा रीत होऊन घरात मुरला की पोथी उघडावी लागत नाही. चितेपाशी अहिल्याबाईंना दोन ब्राह्मणांनी धरून ठेवले होते. त्या स्वतःचेच हात चावत होत्या. पुढचे जवळजवळ तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की शब्द उच्चारला नाही.

म्हणून ‘ग्रंथ चांगला, माणसे वाईट’ हा निवाडा अपुरा आहे. ग्रंथ एकटा गुन्हा करत नाही, पण हव्यासाला पुण्याची पावती देतो. तेवढ्यापुरता तो गुन्ह्यातला साथीदार ठरतो. राममोहन रॉय यांनी शास्त्रातूनच शास्त्राला उत्तर दिले, तरी चिता विझवायला ४ डिसेंबर १८२९ चा गव्हर्नर जनरल बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा लागलाच.

पुढील लेखांकात: त्या कायद्याविरुद्ध कलकत्त्याची धर्मसभा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली आणि १८३२ मध्ये हरली, त्याची हकीकत.