कीबोर्ड ढिम्म, माऊस गप्प

पाटससारख्या गावात घरचा कॉम्प्युटर सहसा नवा नसतो. पुण्यातल्या एखाद्या ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप कुणाच्या तरी ओळखीने घरी येतो आणि मग सगळे घर त्याच्यावर विसंबते. अब्बांच्या दुकानाचा हिशेब, मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, जलशासाठी इनपेजमध्ये केलेले उर्दू पत्रक, सगळे त्यातच. एखाद्या सकाळी बटण दाबले की पंखा फिरतो, पडद्यावर चित्रही येते, पण पासवर्ड टाकायला जावे तर कीबोर्ड ढिम्म आणि माऊसचा बाण जागचा हलत नाही. फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आलेली. दौंडला न्यावा तर भाडे वेगळे, आणि तिथे ‘मदरबोर्ड गेला’ असे ऐकावे लागले तर घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते.

शाळेच्या लॅबमधली यंत्रे हाताळताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो : कीबोर्ड विंडोज येण्याआधीच मेलेला आहे की विंडोज आल्यावर मरतो?

ते तपासायला पैसा लागत नाही. कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर डिलीट किंवा एफ-टू ही कळ थांबून थांबून दाबत राहा (काही कंपन्यांची कळ वेगळी असते, पहिल्या पडद्यावर कोपऱ्यात लिहिलेली दिसते). निळा किंवा काळा सेटिंगचा पडदा उघडला तर कीबोर्ड, वायर आणि ती खाच तिन्ही ठीक आहेत; दोष विंडोजमध्ये शोधायचा. काहीच उघडले नाही तर नमलॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे कॉम्प्युटर कीबोर्डचे ऐकतो आहे. दिवाच नसेल तर वायरकडे वळा.

इथे घाई करू नये. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत अडकलेली वीज निघून जाते. वीज वारंवार जाते-येते तिथे एवढ्यानेही काम होऊन जाते. मग कीबोर्ड पुढच्या खाचेतून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत लावा. पुढच्या खाचा आतल्या एका वायरने जोडलेल्या असतात आणि ती वायर सैल होते. उसाच्या हंगामात रस्त्यावरून ट्रॉल्या धावतात तेव्हाची धूळ कुठे कुठे शिरते ते घरातल्या बायकांना सांगायला नको; खाच कोरड्या ब्रशने साफ करावी, ओल्या फडक्याने नव्हे. शेजाऱ्याचा चालू कीबोर्ड पाच मिनिटे मागून आणला तर निम्मा संशय मिटतो. वायरलेस असेल तर आधी सेल बदला.

जुन्या यंत्रांना गोल, सहा पिनांचा जांभळा आणि हिरवा प्लग असतो. आयबीएमने 1987 मध्ये आणलेली ही पद्धत. तो चालू कॉम्प्युटरला लावू नये; बंद करून लावावा, पिन वाकडी नाही ना ते पाहावे, मग सुरू करावे. या जुन्या प्लगला हसू नका. 14 ऑक्टोबर 2025 च्या विंडोज अकराच्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले होते, गोल प्लगवाले मात्र चालत होते. मायक्रोसॉफ्टने 20 ऑक्टोबरला दुसरे अपडेट काढून ते निस्तरले.

तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. त्याच्यावर सीआर 2032 असे लिहिलेले असते, तो तीन व्होल्टचा. सेल संपला की सेटिंग विसरले जाते आणि पडद्यावर ‘एफ-वन दाबा’ असा हुकूम येतो. कीबोर्डच चालत नसताना कीबोर्डची कळ दाबायला सांगणारा हा हुकूम कुणी लिहिला असेल, अल्लाहच जाणे.

आता दुसरी बाजू, विंडोज आल्यावर मरणारा कीबोर्ड. विंडोज आठपासून ‘शटडाऊन’ केले तरी यंत्र बऱ्याचदा अर्धवट झोपलेले असते आणि कालचा घोळ आज पुन्हा समोर येतो. सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून पूर्ण बंद करा, मग सुरू करा. मात्र हे रोजचे करू नये. विंडोज सात नव्याने टाकताना निळ्या यूएसबी खाचा चालत नाहीत, कारण ते विंडोज त्यांना मुळात ओळखत नाही. काळ्या खाचेत लावावे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली तर ‘फिल्टर कीज’ सुरू होऊ शकते आणि कळ बराच वेळ दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. घरात लहान मूल असेल तर हे आठवावे. माऊस चालत असेल तर पासवर्डच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. फॉर्म त्याच्यावरही भरता येतो, सावकाश, पण मुदतीत.

एवढे करूनही यंत्र गप्पच असेल तर न्या दुरुस्तीला. मात्र ‘फॉरमॅट मारून द्या’ असे आपण होऊन म्हणू नका. कीबोर्ड विंडोजच्या आधीच मेलेला असेल तर फॉरमॅटने तो उठणार नाही, घरचे फोटो आणि हिशेब मात्र जातील. तो डेटा दुरुस्तीवाल्याकडे अमानत आहे, हे त्यालाही स्पष्ट सांगावे. सोबत कागदावर लिहून द्या : सेटिंगचा पडदा उघडतो की नाही, नमलॉकचा दिवा लागतो की नाही, कोणता दुसरा कीबोर्ड कोणत्या खाचेत लावून पाहिला.